एम्लिन प्रोबर्टचे रविवार

एम्लिन प्रोबर्टचा आवाज खर्जातला होता, आणि दारातून आत येताना त्याचे खांदे चौकटीला दोन्हीकडे लागायचे. हॅरोज बेंड ह्या त्याच्या गावातल्या वेल्श चॅपलला, म्हणजे प्रार्थनाघराला, त्याचा आवाज हवा होता, तर स्टॅन्विकच्या ऑगस्ट रिंकला त्याचे खांदे. दोघांनाही तो रविवारीच हवा होता. त्याच्या आयुष्यातली सगळी ओढाताण एवढ्यात आली.

रिंक हा स्टॅन्विकचा बिअरवाला. ओहायो नदीच्या वरच्या अंगाला, आगगाडीने तासाभराच्या अंतरावर त्याचा बिअरचा कारखाना होता. १९०९च्या उन्हाळ्यात त्याची पिंपांनी भरलेली गाडी हॅरोज बेंडच्या धक्क्यावर चिखलात रुतली. घोड्यांच्या तोंडाला फेस आला, गाडीवान शिव्या देऊन थकला. एम्लिन पत्र्याच्या कारखान्यातून घरी निघाला होता. त्याने हातातला डबा कठड्यावर ठेवला, मागच्या चाकाला खांदा लावला, आणि गाडी वर आल्यावर डबा उचलून चालू लागला.

"अरे थांब, थांब!" रिंक धापा टाकत मागे आला. "नाव काय तुझं?"

"एम्लिन प्रोबर्ट."

"रविवारी काय करतोस?"

"गातो."

रिंकने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हे खांदे घेऊन तू गातोस? अरे देवा! माझ्याकडे असा बैल असता तर मी त्याला गायला नसतं बसवलं."

रिंकचा फुटबॉलचा संघ होता. नदीकाठच्या बहुतेक गावांचा असायचा. आठवडाभर भट्टीवर, खाणीत नाहीतर रेल्वेच्या यार्डात राबणारी माणसं रविवारी दुपारी एका लंबगोल चेंडूसाठी एकमेकांच्या अंगावर जायची, दात पाडून घ्यायची आणि त्याचे पैसे घेऊन घरी यायची. कॉलेजातली पोरं हाच खेळ फुकट खेळली की वर्तमानपत्रं त्याला मर्दुमकी म्हणायची. कारखान्यातल्या माणसांनी पैसे घेऊन खेळला की तीच वर्तमानपत्रं नाक मुरडायची, आणि निकाल मात्र पहिल्या पानावर छापायची.

प्रोबर्टांच्या घरी रविवार म्हणजे शब्बाथ, देवाचा दिवस; काम नाही, खेळ नाही. त्या दिवशीचे बटाटे शनिवारी सोलून पाण्यात पडायचे, बूट शनिवारीच पॉलिश व्हायचे. रविवारी मांजरीने उंदीर धरला तरी एम्लिनचे वडील ग्विलिम तिच्याकडे रोखून बघायचे. ग्विलिम आठवडाभर तापलेले पत्रे फिरत्या लोखंडी रुळांतून दाबून काढायचे आणि रविवारी चॅपलमध्ये पंचांच्या बैठकीवर बसायचे. उपदेश करणारा पाळक वर उभा असायचा आणि त्याच्या पायाशी, मंडळींकडे तोंड करून, हे पाच-सहा पंच. कुणाची जांभई त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

अशा घरातल्या पोराने खोटं बोलायचं म्हणजे मोठंच बोलायला हवं होतं. एम्लिनने सांगितलं की स्टॅन्विकच्या छोट्या चॅपलमध्ये खर्जाला कुणी नाही, त्यांनी रविवारपुरतं बोलावलंय. ग्विलिमना अभिमान वाटला. "जा. देवाने दिलेला आवाज एका गावाच्या मालकीचा नसतो," ते म्हणाले.  एम्लिन गेला.

स्टॅन्विकला तो 'जॅक हिल' ह्या नावाने खेळू लागला. खोट्या नावाने खेळणारे संघात आणखीही होते. त्याला उभं केलं रांगेत. दोन्ही संघांचे हे रांगेतले गडी समोरासमोर वाकून बसतात, नाकाला नाक. चेंडू हलला की एकमेकांवर आदळतात. चेंडू घेऊन पळणारा मागे असतो, आणि त्याच्यासाठी समोरच्या भिंतीत भोक पाडायचं हे रांगेतल्यांचं काम. स्टॅन्विकचा पळणारा होता झिगमुंट वोलाक, पोलंडहून लहानपणी आलेला खाणकामगार, सडपातळ आणि तोंडाळ.

"तू शिव्या का देत नाहीस रे?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं. "समोरचा तुझ्या आईचा उद्धार करतोय आणि तू गप्प!"

"सवय नाही."

"अरे वा! पाद्रीच भरती केलाय रिंकने. बरं पाद्रीबाबा, मी तुमच्या डाव्या खांद्याजवळून जाईन. तेवढं दार उघडं ठेवा."

एम्लिनने दार उघडलं. समोरचा गडी रेल्वेत सामान चढवणारा होता, वजनाने एम्लिनपेक्षा भारी. पहिल्या धडकेत एम्लिनला तारे दिसले. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र त्याला समोरच्या देहाचा ताल कळला. माणूस पुढे येण्याआधी श्वास घेतो, आणि त्या श्वासाच्या क्षणी तो हलका असतो. एम्लिनने तो क्षण धरला, खालून खांदा घातला आणि भिंत मागे सरकताना त्याला स्वतःच्या हाडांत जाणवली. शेजारून वोलाक वाऱ्यासारखा गेला. लोक ओरडले. एम्लिनचं तोंड चिखलात होतं, त्याला काहीच दिसलं नाही. पण असा आनंद त्याला आजवर एकाच ठिकाणी झाला होता, चॅपलमध्ये चारही आवाज एकत्र लागत तेव्हा. ही गोष्ट तो कुणाला सांगू शकला नसता, वडिलांना तर नाहीच.

घरी त्याच्या आईला, मार्गेडला, काहीतरी कळलं होतं. सोमवारी धुण्यात येणाऱ्या शर्टांवर गाण्याने पडावेत असे डाग नव्हते. तिने तोंडातून ब्र काढला नाही. मीठ घातलेल्या गार पाण्यात शर्ट भिजवायची आणि नवऱ्याच्या नजरेआड, कोळशाच्या खोपटामागे वाळत घालायची.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडाशी स्टॅन्विकचे पाळक, टीग नावाचे, सोमवारच्या एका सभेसाठी शनिवारीच हॅरोज बेंडला आले आणि प्रोबर्टांकडे उतरले. मार्गेडने मटणाचा रस्सा केला होता, वर कांदापात, आणि तव्यावर भाजलेल्या मनुकांच्या चकत्या. जेवण रंगात आलं होतं.

"मग," ग्विलिम म्हणाले, "आमच्या पोराचा खर्ज कसा वाटतो तुमच्या मंडळींना?"

टीगनी चमचा खाली ठेवला. "कुणाचा?"

"ह्याचा. आमच्या एम्लिनचा."

"प्रोबर्ट, आमच्याकडे खर्जाला मीच आहे. तोही सर्दी नसली तर." ते हसले, आणि टेबलाभोवती दुसरं कुणीच हसत नाही हे पाहून थांबले. मग त्यांची नजर एम्लिनच्या अर्धवट फाटलेल्या कानाकडे गेली; घरी त्याने तो पत्र्याने कापल्याचं सांगितलं होतं. "अच्छा," ते हळूच म्हणाले. "रिंकच्या मैदानावर मी कधी जात नाही. पण येता-जाता कुंपणावरच्या जाहिराती दिसतात. चित्रातला एक गडी असाच…"

ग्विलिमनी पोराकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहुण्यांच्या पानात आणखी रस्सा वाढायला सांगितला, जेवण संपल्यावर नेहमीएवढीच लांब प्रार्थना केली. पाळक झोपायला गेले तेव्हा फक्त एवढंच विचारलं, "उद्या जाणार आहेस?"

"हो, बाबा."

"बुधवारी मंडळींसमोर उभा राहा मग."

बुधवारी चॅपल भरलं होतं. आरोप ग्विलिमनीच मांडला. आवाज कुठेही कापला नाही. शब्बाथ मोडणं, खोटं नाव लावणं, आईवडिलांशी खोटं बोलणं. मग त्यांनी विचारलं, "एम्लिन, तुला पश्चात्ताप होतो का?"

एम्लिनने मान खाली घातली. खोटं बोलल्याचा पश्चात्ताप त्याला होत होता, मनापासून. पण हो म्हटलं असतं तर ते सगळ्यासाठी लागू झालं असतं, त्या चिखलातल्या क्षणांसकट.

"खोटं बोललो त्याचा होतो," तो म्हणाला.

"आणि खेळाचा?"

"नाही, बाबा."

मंडळींनी हात वर केले. ग्विलिमचा हात सगळ्यांत आधी वर गेला होता. एम्लिनचं नाव चॅपलमधून काढून टाकण्यात आलं, आणि त्या वेळच्या हॅरोज बेंडमध्ये चॅपलमधून गेलेल्या माणसाला बापाच्या टेबलाशीही जागा नसे. आईने त्याच्या पेटीत लोकरीचे पायमोजे घातले. तो स्टॅन्विकला राहायला गेला आणि रिंककडे पिंपं चढवायच्या कामाला लागला. थेंबभर दारूला न शिवणाऱ्या बापाचा पोरगा बिअरच्या कारखान्यात! गावाला बोलायला वर्षभराचा विषय मिळाला.

"जॅक हिल पुरे झाला," त्याने रिंकला सांगितलं. "आता माझंच नाव लावा. लपवायचं कुणापासून राहिलंय?"

पुढची वर्षं गाड्यांत, थंडगार हॉटेलांत आणि शेतांतून काढलेल्या मैदानांवर गेली. काही मैदानांवर आदल्या दिवशी गाई चरलेल्या असायच्या. एम्लिनचं नाक दोनदा मोडलं, पुढचे दात गेले, डाव्या कानाने ऐकू येईना. वर्तमानपत्रात नाव यायचं ते वोलाकचं. एकदा एका बातमीदाराने लिहिलं की वोलाक समोर आला की प्रतिस्पर्ध्यांची रांग आपोआप दुभंगते. वोलाकने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि कागदाचा बोळा करून चुलीत टाकला. "आपोआप! पाद्री, ऐकलंस का? तुझं नाव बदललं. आता तू आपोआप."

एम्लिन हसला. त्याला खरोखरच वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटायचं ते रविवारी सकाळी. कुठल्याही गावी असला तरी घंटा ऐकू आली की तो खिडकीशी उभा राहायचा, आणि वोलाक त्या वेळी त्याची थट्टा करायचा नाही.

१९१३च्या नोव्हेंबरात स्टॅन्विकचा सामना हॅरोज बेंडशी ठरला, हॅरोज बेंडच्याच मैदानावर. गावात नवा संघ झाला होता, कारखान्याची निम्मी पोरं त्यात होती. चॅपलने आधीच जाहीर केलं की शब्बाथच्या दिवशी गावाच्या हद्दीत हे होऊ द्यायचं नाही. कसं होऊ द्यायचं नाही, ते सामन्याच्या दुपारी कळलं. काळे कपडे घातलेली सगळी मंडळी मैदानाच्या फाटकासमोर रांगा करून उभी राहिली आणि गाऊ लागली.

आत, लाकडी कुंपणामागे, एम्लिन बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याच्या उजव्या कानाने ते ऐकलं. वरचे तिन्ही सूर नीट लागले होते. खाली मात्र पोकळ होतं.

"हे काय चाललंय?" वोलाक म्हणाला.

"माझे वडील," एम्लिन म्हणाला.

गाण्याचा परिणाम होत होता. तिकिटासाठी आलेले वेल्श लोक टोपी काढून उभे राहिले. काहीजण वळून घरी गेले, आणि काहीजण तर चक्क गाण्यात सामील झाले. रिंकच्या तोंडाचं पाणी पळालं. त्याने शेरिफच्या घोडेस्वार पोलिसांकडे धाव घेतली. "घोडे घाला मध्ये! रस्ता मोकळा करा!"

ते ऐकून एम्लिन उठला, चामड्याची टोपी काढून हातात घेतली आणि तशाच अवतारात फाटकाबाहेर गेला. ग्विलिम पुढच्या रांगेत होते. मधली वर्षं त्यांच्या पाठीवर दिसत होती. त्यांनी पोराला पाहिलं, पण कडवं मध्येच सोडलं नाही. एम्लिनही कडवं संपेपर्यंत थांबला. मध्येच बोलायची त्याची छाती झाली नाही.

"बाबा."

"बोल."

"तुम्हाला हटा म्हणायला नाही आलो. रिंक घोडेस्वार आणतोय. बायकांना कुंपणाजवळून जरा मागे घ्या. घोडे गाण्याला जुमानत नाहीत."

"हा निरोप तुला कुणी दिला?"

"कुणी नाही."

ग्विलिम त्याच्या मोडलेल्या नाकाकडे, कानाकडे बघत राहिले. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "ते अंगावरचं काढ आणि इथे उभा राहा. खर्जाला माणूस नाही. कानाला लागतंय माझ्या."

ह्यापेक्षा जवळचं ते कधी काही बोलले नव्हते. एम्लिनने फाटकाकडे वळून पाहिलं. आत अकरांतला तो एक होता, शिट्टी व्हायला आली होती. "खेळ संपला की येतो, बाबा. इथेच येतो."

"खेळ संपेल तोवर शब्बाथ उरलेला नसेल."

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून मार्गेड पुढे आली. तिने गाण्याचं पुस्तक मिटून शेजारणीच्या हातात दिलं, टोपीची रिबीन नीट केली आणि फाटकाकडे चालू लागली.

"मार्गेड!" ग्विलिम म्हणाले. "कुठे निघालीस?"

"आत."

"आत?"

"हो. ह्याचे रक्ताचे शर्ट मी गुपचूप धुतलेत, तुम्हाला न कळवता. मला वाटायचं आज ना उद्या हा थांबेल. थांबला नाही. तेव्हा निदान रक्त कुठून येतं ते एकदा डोळ्यांनी बघू द्या."

तिकिटवाल्याने तिच्यासाठी आपोआप वाट दिली. मागे गाणं सुरू व्हायला बराच वेळ लागला. पहिला सूर द्यायचं काम ग्विलिमचं होतं, आणि ग्विलिम त्या बंद होत चाललेल्या फाटकाकडे बघत होते.

घोडे आलेच नाहीत. शेरिफच्या माणसांचीही लग्नं त्याच चॅपलमध्ये लागली होती.

सामन्यात हॅरोज बेंडच्या लोकांनी एम्लिनला येशूचा घात करणाऱ्या शिष्याच्या नावाने, 'यहूदा, यहूदा' असं ओरडून हिणवलं. समोरचा गडी त्याच्याबरोबर भट्टीवर काम केलेला होता. त्याने आधी "कसा आहेस?" विचारलं आणि मग कोपर दातांवर मारलं. एम्लिन वाकला की त्याला कुंपणापलीकडचं गाणं ऐकू यायचं, उठला की बाकांवरची आईची काळी टोपी दिसायची. तिच्या दोन्ही बाजूंची माणसं उड्या मारत होती. ती चॅपलमध्ये बसावी तशी हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. एम्लिन त्या दिवशी जितका चांगला खेळला तितका आधी किंवा नंतर कधी खेळला नाही. वोलाकने नंतर सांगितलं की त्या भोकांतून बैलगाडी गेली असती. तरीही स्टॅन्विक हरलं. शेवटी हॅरोज बेंडच्या एकाने लांबून चेंडू लाथाडला आणि तो दोन खांबांच्या मधून गेला.

खेळ संपल्यावर मार्गेड चिखल चुकवत त्याच्याकडे आली. बाहीतला रुमाल काढून त्याच्या ओठाला लावला.

"जिंकलात ना?"

"हरलो, आई."

"मग तो बारका पोरगा का हसतोय?"

"तो वोलाक. तो हरला तरी हसतो."

"मला एक सांग," ती म्हणाली. "सगळे त्या चेंडूमागे वेड्यासारखे धावत होते. तू एकदासुद्धा त्याच्याकडे पाहिलं नाहीस. तुला देत नाहीत का ते?"

एम्लिनला हसू आलं, ओठ दुखला. "माझं काम ते नाही, आई. मी समोरच्याला हलवायचं. मग जागा होते. त्या जागेतून दुसरा जातो."

मार्गेडने थोडा विचार केला. "आणि लोक टाळ्या त्याला देतात."

"हो."

"हं," ती म्हणाली. "म्हणजे घरकामच की." आणि रुमाल त्याच्या हातात ठेवून निघाली.

एम्लिन कपडे बदलून फाटकाबाहेर गेला, म्हटल्याप्रमाणे. रस्त्यावर कुणी नव्हतं.

पंधरवड्याने मार्गेड टोपली घेऊन आगगाडीने स्टॅन्विकला आली. आयुष्यात दारूच्या दुकानाच्या पायरीवर पाय न ठेवलेली ती बाई बिअरच्या पिंपांच्या राशीत एका उलट्या पेटीवर बसली. रिंक स्वतः कॉफी घेऊन आला आणि टोपी काढून उभा राहिला. तिने त्याला घालवून दिलं.

"माझी सभा झाली," ती म्हणाली.

एम्लिनने हातातलं पिंप खाली ठेवलं. "तुलाही काढलं?"

"ऐक तर. आरोप मांडायचा होता ह्यांनीच, दुसरं कोण मांडणार? उठले. पुस्तक हातात घेतलं. माझं नाव घेतलं, 'मार्गेड प्रोबर्ट', जशी मी परकीच. मी उभी राहिले. मग काही नाही. नुसते उभे. मला वाटलं चक्कर येतेय की काय. इतका वेळ कुणी खोकलंसुद्धा नाही. मग म्हणाले, 'मंडळींनो, मला हे मांडता येत नाही. ज्याला येईल त्याने मांडावं.' आणि पंचांच्या बैठकीवरून उतरून सरळ माझ्या बाकावर येऊन बसले. बायकांच्या बाजूला! कुणी उठलंच नाही मग. पाळकांनी गीत सांगितलं आणि सभा संपवली."

"पंचपद सोडलं त्यांनी?"

"सोडलं. परत बसा म्हणून सगळे सांगून गेले. नाही म्हणतात."

"मग बाबांनी मला माफ केलं?"

"तुला?" मार्गेड चकित झाली. "छे! अजून माझंच ठरायचंय. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. चहा मात्र स्वतः केला. इतका पांचट चहा मी जन्मात प्यायले नव्हते. सगळा प्यायले."

त्यानंतर तिच्या येण्याला धरबंध राहिला नाही. ग्विलिम आले नाहीत, पण तिच्या टोपलीत भरायच्या चकत्या कमी दिसल्या की शनिवारी ते स्वतःच म्हणायचे, "मनुका आणल्यात." कुणासाठी ते बोलायचं नाही, असा घरात नियम झाला होता.

मग महायुद्ध आलं, संघ मोडले, पुन्हा जमले. १९२०च्या सुमाराला मोठ्या शहरांतल्या लोकांनी मिळून खेळाला नीट वळण द्यायचं ठरवलं. ठरलेले सामने, ठरलेले करार, आणि खोट्या नावांना बंदी. नदीकाठच्या गावांना ते झेपणारं नव्हतं. रिंकची बिअरच कायद्याने बंद झाली, मग संघ कुठला! वोलाकला सरोवराकाठच्या शहरातल्या संघाने बोलावलं. त्याने अट घातली, पाद्री येणार असेल तरच.

एम्लिन गेला. तिथे सगळी पोरं कॉलेजातली होती. शिक्षक फळ्यावर खडूने बाण काढून शिकवायचा. पोरं चांगली होती, त्याला आदराने 'साहेब' म्हणायची. त्या 'साहेब'मुळेच त्याला आपलं वय कळलं. आणि शेवट आला तोही कसा? कुणाची धडक नाही, कुणी बघायला नाही. एका साध्या मंगळवारी सकाळी, सराव करताना, मोकळ्या गवतावर एकटा पळत असताना गुडघ्यात काहीतरी तुटलं आणि तो खाली बसला.

वोलाक धावत आला. "ऊठ रे, नाटकं करू नकोस."

"नाही उठता येत."

वोलाकने त्याच्या गुडघ्याला हात लावला. तो गवतावर त्याच्या शेजारी बसून राहिला. शिक्षकाने शिट्टी मारली तरी उठला नाही.

काठी टेकत एम्लिन हॅरोज बेंडला उतरला. घरी जावं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं. पण मार्गेड स्टेशनावर होती आणि तिने त्याची पेटी उचलली, त्यामुळे प्रश्न उरला नाही. ग्विलिम चुलीपाशी बसले होते. आयुष्यभर भट्टीच्या उजेडात बघून त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांनी पावलांचा आवाज ऐकला, एक जड आणि एक ओढत येणारं.

"कुठला पाय?" त्यांनी विचारलं.

"उजवा, बाबा."

"बस."

एवढंच. एम्लिन बसला, आणि त्या घरात राहिला. कारखान्यात त्याला बसून करायचं काम मिळालं. चॅपलमध्ये तो मागच्या बाकावर, पाहुण्यांच्या जागी बसू लागला. पश्चात्ताप झाला असं त्याने कधी म्हटलं नाही, आणि पुन्हा विचारायला कुणी उठलं नाही. खर्ज मात्र भरून निघाला होता, आणि गाणाऱ्यांना तेवढं पुरेसं होतं.

फुटबॉलचा विषय बापलेकांत निघायचा नाही. निघाला तो एका वसंतातल्या शनिवारी दुपारी, परसात. एम्लिन वाफा खणत होता. ग्विलिम भिंतीला टेकून उन्हात बसले होते. ते एकदम म्हणाले, "तू करायचास तरी काय तिथे?"

एम्लिनने फावडं थांबवलं. "कुठे, बाबा?"

"उगाच विचारू नकोस. तुझी आई सांगते, पण तिचं मला काही कळत नाही. ती म्हणते घरकाम."

एम्लिनने शब्द शोधले. बुधवारच्या त्या सभेत सापडले नव्हते, आताही सापडेनात. तो फावडं टाकून त्यांच्यापाशी गेला. "उठा, बाबा. दाखवतो." म्हाताऱ्याला हात देऊन उभं केलं, त्यांचे पाय थोडे फाकवून लावले. मग समोर वाकला आणि आपला खांदा त्यांच्या खांद्याला टेकवला, अगदी हलका. "आता मला मागे ढकला."

"मी? तुला?"

"ढकला तर."

ग्विलिमनी ढकललं. हातापायांत अजून पत्र्याच्या कारखान्यातल्या कामाची ताकद होती, एम्लिनला ते अपेक्षित नव्हतं. तो थोडा मागे सरकला, गुडघ्यातून कळ आली, पण खांदा काढला नाही. "आता थांबा. श्वास घ्या." वडिलांनी छाती भरून घेतली आणि त्याच क्षणी एम्लिनने त्यांना बोटभर वर उचललं, नुसतं बोटभर, आणि पुन्हा जमिनीवर ठेवलं.

 ग्विलिमचा गाल पोराच्या फाटक्या कानाला लागला होता. दोघंही तसेच उभे राहिले, एकमेकांवर रेललेले, धापा टाकत.

"श्वास घेताना," ग्विलिम शेवटी म्हणाले. "माणूस श्वास घेताना हलका होतो."

"हो, बाबा."

"गाण्यातही असंच आहे. तिथेच फसतात सगळे."

"हो."

"पुन्हा कर. ह्या वेळी मी सावध आहे."

स्वयंपाकघराची खिडकी धाडकन उघडली. "अहो, हे काय चाललंय तुमचं?" मार्गेड ओरडली. "शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिलीये! तिला वाटतंय बापलेकांची जुंपली!"

"वाटू दे," ग्विलिम म्हणाले, आणि पाय नीट रोवून त्यांनी खांदा पुढे केला.